आधी चपला दाखव

डॉ. खरात दातांचे डॉक्टर होते, पण पेशंटच्या तोंडाकडे ते सगळ्यात शेवटी बघत. आधी पायांकडे बघत.

जालन्यातल्या कुठल्याही दवाखान्याच्या दारात "चपला बाहेर काढा" अशी पाटी असते. यांच्या दारावर लिहिलं होतं, "मुलांनी चपला घालूनच आत यावे." पहिल्यांदा आलेली आई ती पाटी दोनदा वाचायची, मग चिखलाने भरलेल्या चपलांसकट लेकराला आत आणायची आणि सांगायला लागायची, "डॉक्टर, हिचे समोरचे दात बघा ना, लै पुढं आले..."

"हौ, दिसलं. आधी चपला दाखव."

मुलगी गोंधळून आईकडे बघायची. डॉक्टर स्टूलावरून वाकून तिची चप्पल हातात घ्यायचे, उलटी करायचे, सुलटी करायचे, टाचेकडे बघायचे आणि विचारायचे, "कधी घेतली?"

"पोळ्याला."

"अन् त्याच्या आधीची?"

"ती संक्रांतीला."

"तुटली का ल्हान झाली?"

"ल्हान झाली की. तुटली असती तर शिवली असती."

"बराबर!" असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत जे यायचं ते मी एरवी फक्त लॉटरी लागलेल्या माणसाच्या डोळ्यांत कल्पिलं असतं.

यामागे शास्त्र होतं, आणि ते शास्त्र माझ्याही दंतवैद्यकाच्या पुस्तकात होतं, फक्त तिथे चपला नव्हत्या. एखाद्या मुलाचा खालचा जबडा मागे राहिलेला असतो, हनुवटी दिसत नाही, वरचे दात पुढे येतात. अशा मुलाला प्लास्टिकची एक जोडी तोंडात घालायला देतात. ती घातली की खालचा जबडा पुढे धरूनच तोंड मिटावं लागतं. वर्षभर तसं राहिलं की जबडा पुढे येतो. पण हे जमतं ते शरीर वाढीच्या घाईत असतं तेव्हाच. फार आधी सुरू केलं तर पोर कंटाळून ती जोडी दप्तरात टाकून देतं. उशीर झाला तर हाड पक्कं होतं, मग मोठ्या शहरात जाऊन शस्त्रक्रियाच. ती घाईची वेळ कधी येणार हे वयावरून कळत नाही. बारा वर्षांची एक मुलगी बाई दिसते आणि बारा वर्षांची दुसरी बाहुली घेऊन बसलेली असते.

मोठ्या रुग्णालयांत यासाठी हाताचा एक्स-रे काढतात आणि बोटांच्या हाडांवरून वाढ ओळखतात. डॉ. खरातांना ते पटत नसे. "वाढ बघायला सारखे फोटो काढायचे? पोरगं हाय का भुट्टं, भाजत बसायला?" त्यांच्याकडे फुकटचे मार्ग होते.

"आधी पाय पळतो, मॅडम," त्यांनी मला सांगितलं होतं. "मंग उंची पळती. मंग हनुवटी. वरात हाय ती. पुढं बँड, मधी वऱ्हाडी, अन् सगळ्यात मागं नवरदेव. बँड वाजला की समजायचं, नवरदेव येऊन राह्यला."

चपला म्हणजे तो बँड. उंचीसाठी दवाखान्याच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या इतक्या रेघा होत्या की तिला रंग द्यायला आलेला रंगारी घाबरून परत गेला होता. मुलांचा आवाज फुटतोय का हे बघायला ते त्यांना जीपवाल्यासारखं ओरडायला लावत. जालन्याच्या स्टँडवर जीपवाले ओरडतात तसं, "घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाऽऽव!" घनसावंगीला आवाज शाबूत असायचा, तीर्थपुरीला डगमगायचा आणि पिंपळगावच्या चढावर फाटायचा.

"फाटला! बराबर! पुढच्या महिन्यात या, काम चालू करू."

एकदा हे चालू असताना बाहेर बाकावर बसलेले एक आजोबा पिशवी उचलून उठले आणि विचारू लागले, "जीप कुठं लागली?"

मी त्यांच्याकडे लागले ती नव्वदीच्या दशकाच्या शेवटी. दंतवैद्यकाची पदवी हातात होती, पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालला होता आणि बाबांची बदली जालन्याला झाली होती. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही लै बोलता का?" मी नाही म्हणून मान हलवली. "बराबर. उद्यापासून या."

आठवड्याने त्यांनी माझं काम सांगितलं. मुलींची वाढ ओळखायची आणखी एक खूण असते. मुलीला पाळी येते तेव्हा वाढीची मोठी धाव होऊन गेलेली असते. थोडी उरलेली असते, पण उतरणीला लागलेली. म्हणून ते कळणं महत्त्वाचं. "पोरांचा आवाज मी ऐकतो, मॅडम. पण पोरींचं मला विचारता येत न्हाई. आई लाजती, पोरगी लाजती, मी बी लाजतो. ते तुम्ही विचारा."

त्यांनी त्या तिघांपेक्षा जास्त लाजणारं माणूस शोधून काढलं होतं. मी औरंगाबादच्या इंग्रजी शाळेत शिकले. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण त्या मराठीत शरीराला डोकं, पोट आणि पाय एवढेच अवयव होते. मी आदल्या दिवशी आरशासमोर वाक्य पाठ केलं. पहिल्या आईला बेसिनजवळ बाजूला घेतलं, पदर सावरत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी विचारलं, "भाज्या सगळ्या खाते का?"

"काय म्हणल्या?" डॉक्टरांनी नंतर विचारलं.

"भेंडी आवडत नाही म्हणाल्या."

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "भेंडीवरून हाड कळत असतं तर लै सोपं झालं असतं, मॅडम. घाई न्हाई. जमल."

घाई न्हाई, हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. रडणाऱ्या मुलाला, ओरडणाऱ्या बापाला, न येणाऱ्या लाइटला, सगळ्यांना ते हेच सांगत.

मला जमेना तेव्हा त्यांनीच युक्ती काढली. आमच्याकडच्या खेड्यांत मुलीला न्हाण आलं की तिला काही दिवस घरात बसवतात, नवं नेसवतात, शेजारच्या बाया येऊन ओटी भरतात आणि अंगात ताकद यावी म्हणून खारीक-खोबरं खाऊ घालतात. म्हणून डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत कॅलेंडरलाच विचारल्यासारखं विचारायचे, "खारीक-खोबरं चालू झालं का घरात?" आई पदर डोक्यावर ओढून हो किंवा नाही म्हणायची. एका वाक्यात सगळ्यांची लाज राखली जायची.

फक्त एक झालं. उंची मोजतात, चपला बघतात, खारीक-खोबऱ्याची चौकशी करतात, ही बातमी पसरली आणि लोकांनी आपापला अर्थ लावला. तीर्थपुरीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही तिथल्या एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसायचो. तिथे एकदा धोतर-टोपीतले एक गृहस्थ भाच्याला घेऊन आले. भाच्याचे दात अगदी सरळ होते.

"पोराला काय त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्रास न्हाई. एसटीत लागलाय. आता तुमच्याकडं एवढ्या पोरींची मापं असत्यात, डॉक्टर. एखादी बराबर उंचीची सांगा की."

डॉक्टरांनी हात तोंडावर धरला आणि खांदे हलवत हसले. "मामा, माझ्याकडं एकच सोयरीक जमती. वरच्या दाताची खालच्या दाताशी. ती बी कधी कधी मोडती."

"अन् तुमचे लेकरं?" मामांनी विषय लांबवला.

"हे काय, बाहेर बसलेत सगळे."

मामा हसले. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते चपलेची टाच बघत होते.

मी बोलत नाही, त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळतो. काही गोष्टी मी बघितल्या होत्या. जालन्याच्या मे महिन्यातही त्यांची दाढी छातीपर्यंत असायची, मास्कच्या चारी बाजूंनी बाहेर यायची, आणि घाम पुसत ते म्हणायचे, "सवय झाली." हसताना हात तोंडावर जायचाच. मला वाटायचं, दातांचे डॉक्टर आहेत, शिस्त असेल. डबा खाताना ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि भाकरीचे एवढे लहान तुकडे करायचे की चिमणीला घालतायत असं वाटावं. चहा मात्र कुणासमोर घेत नसत. आणि इतरांच्या चपलांवर एवढी माया करणारा हा माणूस स्वतः बाराही महिने काळे बूट घालायचा, नाड्या घट्ट बांधून. ते बूट मी कधी पायातून निघालेले बघितले नाहीत.

मंगल आम्हाला तीर्थपुरीच्या बाजारातच भेटली. कुंभार पिंपळगावहून तिची आई कांताबाई तिला घेऊन आली होती. वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. मंगल बारकी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, आणि उजवा हात तोंडावर. नाव सांगतानासुद्धा हात निघाला नाही.

"हुशार हाय, डॉक्टर," कांताबाई म्हणाली. "पण शाळेत गुरुजींनी वाचायला उभं केलं की म्हणती, येत न्हाई. घरात सगळं धडाधडा वाचती. पोरं ससा म्हणून चिडवत्यात. आता शाळाच नको म्हणून राह्यली."

डॉक्टरांनी आधी चपला बघितल्या. निळ्या पट्ट्याच्या रबरी, पुढून बंद, नव्या. मग दात बघितले, मग बाजूने तिची हनुवटी न्याहाळली, आणि त्यांचा हात स्वतःच्या दाढीकडे गेला. 

"येईल," ते शेवटी म्हणाले. "हनुवटी येईल. पण आज न्हाई. पाय अजून उभा हाय. चपला ल्हान झाल्या की त्याच दिवशी या."

कांताबाई दर एक-दोन महिन्यांनी बाजाराला यायची तेव्हा मंगलला घेऊन यायची. दरवेळी तोच निळा पट्टा.

"अजून त्याच?"

"त्याच."

"बराबर बसत्यात?"

"बसत्यात की."

"मंग घाई न्हाई."

तीर्थपुरीच्या खोलीला दुकानदाराने नुकताच गुलाबी रंग दिला होता आणि भिंतीला पेन्सिल लावायची बंदी होती, त्यामुळे तिथे उंचीच्या रेघा नव्हत्या. सगळा भार चपलांवर होता. वर्ष सरत आलं तरी चपला बदलेनात. डॉक्टर म्हणायचे, "काही पोरी उशिरा पळत्यात. पाय खोटं बोलत न्हाई."

मग तीन-चार महिने मंगल आलीच नाही. पुढच्या बाजारात त्याच गावची एक बाई दाढ काढायला आली. डॉक्टरांनी चौकशी केली.

"मंगल व्हय? तिला न्हाण आलं की. बसवलीय घरात. म्हातारीनं सोयऱ्यांना बी कळवलं."

डॉक्टरांच्या हातातला लहान आरसा टेबलावर पडला. त्यांनी त्या बाईची दाढ काढली, हात धुतले आणि मला म्हणाले, "पिशवी घ्या. पिंपळगावला जाऊ."

जीपमध्ये आम्ही दोघं मागे, बाजाराच्या पिशव्या आणि एका कोंबडीबरोबर.  उसाच्या गाडीमागे जीप अडकली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे व्हायच्या आधी पाय पळायलाच पाहिजे, मॅडम. पळालाच न्हाई. असं कसं? वेळ गेली असंल तर त्या पोरीला मी काय सांगू?"

 मी कोंबडी थोडी सरकवली.

मंगलच्या घरासमोर लिंबाचं झाड होतं. अंगणात तिची आजी बसली होती. तिने हात वर करून आम्हाला अडवलं. "गड्यानं आत न्हाई यायचं. पोरगी बसवलीय."

डॉक्टर लिंबाखाली थांबले. मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही जा. चपला घेऊन या."

आत एका कोपऱ्यात चटईवर मंगल बसली होती. हिरवा परकर-पोलका, समोर वाटीत खारीक-खोबरं, आणि हात तोंडावर. मला जे वर्षभर कुणालाही विचारता आलं नव्हतं ते आता विचारायचं कारणच उरलं नव्हतं. तरी मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "घाबरलीस का?"

तिने मान हलवली. मग म्हणाली, "आता शाळेत न्हाई पाठवणार म्हणती आजी."

"तुझ्या चपला कुठे आहेत?"

"कामून? कुठं जायचं?"

"कुठे नाही. डॉक्टरांना बघायच्यात."

"आता बी?" आणि ती हसली, अगदी मोकळी, हात बाजूला राहून गेला. लक्षात आल्यावर पुन्हा वर गेला. "राहू दे ना," मी म्हणाले. तिने राहू दिला नाही.

चपला मागच्या दाराशी होत्या. मी एक उचलली आणि तिथेच उभी राहिले. आजवर आम्ही त्या चपलेकडे मंगलच्या पायात असताना बघितलं होतं, किंवा डॉक्टरांनी उलटी करून टाच बघितली होती. आता आतली बाजू उन्हात होती. निळ्या रबरावर अंगठ्याचा काळा ठसा होता. त्याच्या पुढे आणखी एक. त्याच्या पुढे, अगदी कडेला टेकलेला, आणखी एक, फिकट. आणि टोकाला पांढरा कापूस चिकटला होता.

मी पळतच बाहेर आले. डॉक्टरांनी चप्पल हातात घेतली. ठशांवरून बोट फिरवलं. मग कापूस ओढून काढला आणि कांताबाईकडे बघितलं.

"वाढत्या अंगाच्या घेतल्या होत्या, डॉक्टर," ती दारातून म्हणाली. "दर सणाला नव्या कुठून आणायच्या? चांगल्या दोन बोटं मोठ्याच घेतो आम्ही. पुढं कापूस कोंबायचा, पाय वाढल तसा काढायचा. समदेच तसं करत्यात."

"समदेच?"

"न्हाई तर काय? फ्रॉक, चपला, सगळं वाढत्या अंगाचंच घेत्यात. तुमच्या घरी घेत न्हवते का?"

डॉक्टर चपलेकडे बघत राहिले. "न्हाई," ते म्हणाले. "आमच्याकडं वाढत्या अंगाचं न्हवतं येत. दुसऱ्याच्या अंगाचं यायचं."

मग त्यांनी चप्पल वर धरली आणि मला जवळ बोलावलं. "हे बघा. अंगठा इथं होता. मंग इथं. मंग इथं. मेला बँड कापसात वाजत होता, आपल्याला ऐकू आला न्हाई! पण हा शेवटचा ठसा अजून फिक्का हाय. पाय आत्ता आत्ता पोचलाय. म्हंजे नवरदेव?"

"अजून वाटेत," मी म्हणाले.

"बराबर! बिलकुल बराबर! आजी, पोरीला जालन्याला आणा. ह्याच आठवड्यात. थोडी वाढ उरली हाय, त्यात काम होतं."

आजी जागची हलली नाही. "आता कशाची वाढ? न्हाण आलं म्हंजे पोरगी भरली. दिवाळीनंतर पाहुणे येणार हायत. तोंडात ते लोखंड घालून पाटावर बसवू का तिला? अन् दाताचं काय, लगीन झालं की सगळं जागच्या जागी येतं."

डॉक्टरांनी पाय, उंची, हनुवटी, सगळी वरात समजावून सांगितली. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." त्या बरंचा अर्थ नाही असा होता. कांताबाई दाराची कडी धरून उभी होती. आतून बांगड्या वाजल्या, म्हणजे मंगल ऐकत होती.

डॉक्टर उठले. मला वाटलं, निघाले. ते आजीसमोर जाऊन उकिडवे बसले.

"आजी, वळखलं का मला?"

आजीने डोळे बारीक केले. "सखूचा का तू?"

"हौ. गावाच्या त्या टोकाचा."

"डॉक्टर झाला म्हणत्यात, तो तूच व्हय! दाढीत काय वळखू?"

"दाढी धरा माझी."

"येडा झाला का?"

"धरा तर. अन् हनुवटी शोधा."

आजीने बिचकत हात पुढे केला. दाढीत बोटं घातली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. "अगं बाई," ती हसायला लागली, "न्हाईच की रं! दाढीच्या मागं डायरेक्ट नरडंच!"

कांताबाई हसली. आतून मंगलही हसली. डॉक्टरही हसले, आणि हसताना हात वर नेला नाही. तेव्हा मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. मंगलचे होते तसेच. तेच दोन, तसेच पुढे.

"माझी बी येणार होती," ते म्हणाले. "चौदा-पंधरा वर्षाचा होतो तवर वाटेत होती. कुणी वेळेवर बघितलं असतं तर आली असती. पण चपला बघायला माझ्या पायात चपलाच न्हवत्या, आजी."

आजीचं हसू थांबलं. हात दाढीतच राहिला. "लेकरंबाळं?"

"पोरी बघायला गेल्तो दोन-तीन जागी. चहा पितांना हात काढावा लागतो." ते थोडं थांबले. "मंग जायचं सोडून दिलं."

 आजीने हात काढला, पदराला पुसला नाही, तसाच मांडीवर ठेवला.

"कांते," ती म्हणाली, "चहा टाक. सखूच्या पोराला दे." मग डॉक्टरांना, "किती दिस घालायचं ते लोखंड?"

"वरीसभर. लोखंड न्हाई, प्लास्टिक हाय."

"मंग पाहुण्यांना सांगते, वरीसभर येऊ नका."

"शाळा बी चालू राहू दे, आत्याबाई," कांताबाई दारातून पटकन म्हणाली.

"एका दिवशी एकच माग. जल्दी करू नको," आजी म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

चहा आला. डॉक्टरांनी तो आमच्या सगळ्यांसमोर प्यायला.

मंगलला औरंगाबादला नेऊन डोक्याचा बाजूने एक फोटो काढला. तो उपचारासाठी लागायचाच. त्यात मानेचे मणके दिसतात, आणि मणक्यांच्या आकारावरूनही वाढ किती उरली ते कळतं. "मान फुकटात बघायला मिळती," डॉक्टर खिडकीच्या उजेडात फोटो धरून म्हणाले. "पाय बराबर बोलला होता, मॅडम. आपण कापसाला विचारत होतो."

प्लास्टिकची जोडी मंगलच्या तोंडात बसली. पहिले पंधरा दिवस तिला स्वतःचं नावही नीट सांगता येईना, ती बोलायची तेव्हा लाळ गळायची, आणि ती डॉक्टरांवर चिडायची. पण काढली नाही. जेवतानाही डॉक्टर सांगतील तेवढाच वेळ काढायची. शाळाही सुटली नाही. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाची चप्पल पायातून काढून, आतून, अंगठ्याच्या बाजूने तपासायचा नियम झाला. कापूस आहे का, हे मी विचारायचे. ते मला न अडखळता जमायचं, आणि त्याच्या पाठोपाठ हळूहळू दुसरा प्रश्नही जमू लागला.

वर्ष-सव्वा वर्षाने हनुवटी आली. पूर्ण नाही. "रुपयातले बारा आणे," डॉक्टर म्हणाले. पण बारा आण्यांत ओठ मिटत होते. आता मंगलचा हात कुठे ठेवायचा हे तिला कळत नसे. तो आपला अधूनमधून वर जायचा, गालापाशी थबकायचा, मग वेणी ओढायचा.

शेवटच्या भेटीला ती जालन्याला आली तेव्हा तिच्याकडे वर्तमानपत्रात बांधलेला एक पुडा होता. "आजीनं दिलं. तीर्थपुरीच्या बाजारातून."

आत चपला होत्या. चामड्याच्या, जाड तळाच्या. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले.

"घालून दाखवा," मंगल म्हणाली. "आधी चपला दाखवा!"

ते स्टूलावर बसले. काळ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले. रुंद पावलं, बोटं फाकलेली, टाचांना जुन्या, बुजलेल्या भेगा. लहानपणी फार चाललेले पाय होते ते. त्यांनी चपला घातल्या. पुढे चांगली दोन बोटं जागा राहिली.

"मोठ्या झाल्या की गं," ते म्हणाले.

"आजी म्हणली, वाढत्या अंगाच्या घेतल्यात."

डॉक्टर हसले. त्यांचे दोन्ही हात चपलांच्या पट्ट्यांत गुंतले होते.

त्यानंतर ते बूट मी पुन्हा बघितले नाहीत. दवाखाना सकाळी उघडला की त्या मोठ्या चपला फटक फटक करत यायच्या आणि बाहेर बाकावरची मुलं खुदखुदायची. आम्ही पुढे कापूस घालू म्हटलं तर ते नको म्हणाले.

पुढच्या वर्षी मला शिक्षणासाठी जागा मिळाली. शेवटच्या दिवशी मी पिशवी घेऊन दारात उभी होते. काहीतरी बोलायचं असतं अशा वेळी, आणि मला ते कधीच सुचत नाही. मी म्हणाले, "सर, आधी चपला दाखवा."

त्यांनी निमूटपणे एक चप्पल काढून माझ्या हातात दिली. आत अंगठ्याचा एकच ठसा होता, खोल, काळा. पुढची दोन बोटं जागा कोरी.

"वाढला नाही," मी म्हणाले.

त्यांनी चप्पल परत घेतली, पायात घातली आणि चौकटीवरच्या रेघांपाशी माझ्यासाठी दार धरून उभे राहिले.

"घाई न्हाई," ते म्हणाले.